गाडी जुनी आहे, हे निदान नव्हे

सकाळी गाडी सुरू होत नसेल, तर त्याचं कारण शोधून काढता येतं. इतकी साधी गोष्ट मुद्दाम लिहावी लागते आहे, कारण ते शोधण्याची सवयच आपल्याकडे मोडत चालली आहे. सेल्फ मारला, इंजिन जडपणे दोन फेरे फिरलं आणि थांबलं, की शेजारचा माणूस म्हणतो, "बॅटरी बघा." दुसरा म्हणतो, "किती वर्षं झाली? विकून टाका आता." गॅरेजमध्ये गेल्यावरही फारसं वेगळं काही ऐकायला मिळत नाही. माझी तक्रार याच दोन उत्तरांबद्दल आहे. पहिल्या उत्तरात काही तपासलेलं नसतं आणि दुसऱ्यात काही तपासायची इच्छा नसते.

माझी गाडी आहे मारुती ८००, १९९६ची, वडिलांनी घेतलेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटर आणि डॅशबोर्डवर हाताने ओढायचा चोक. ही काही कुठल्या संग्रहालयातली दुर्मिळ वस्तू नाही. १९८३च्या डिसेंबरात गुडगावात पहिली ८०० बाहेर पडली, २०१४च्या जानेवारीत शेवटची. मधल्या तीस वर्षांत देशात पंचवीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. साताऱ्यात आमच्या आळीत एके काळी जी चारचाकी उभी असायची ती बहुतेक हीच. म्हणजे एक संपूर्ण पिढी या इंजिनावर गाडीकाम शिकली. तरीही त्याच गाडीपुढे उभं राहून विशी-पंचविशीतला मेकॅनिक मला सांगतो, "काका, गाडी जुनी झाली ना, असं होणारच."

होणारच, म्हणजे काय होणार? इंजिन सुरू व्हायला चारच गोष्टी लागतात. सेल्फने ते पुरेशा वेगाने फिरवलं पाहिजे. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात आत गेली पाहिजे. ठिणगी वेळेवर आणि जोरात पडली पाहिजे. आणि सिलिंडरमध्ये दाब टिकला पाहिजे. वय ही पाचवी गोष्ट नाही. वयामुळे रबर कडक होतं, तांब्यावर हिरवट थर चढतो, स्प्रिंग सैल पडते, पंपाचा पडदा चिरतो. पण यातलं प्रत्येक एका ठरावीक जागी होतं, तिथे हात लावून ते बघता येतं आणि बहुतेक वेळा थोडक्या पैशांत दुरुस्त करता येतं. 'जुनी आहे' म्हणणारा माणूस ती जागा शोधायचं नाकारत असतो. सांध्याच्या दुखण्यासाठी गेलेल्या सत्तरीच्या माणसाला डॉक्टरने नाडीही न बघता 'वय झालं' म्हणून परत पाठवलं, तर आपल्याला राग येतो. तोच राग मला इथे येतो.

पहिला प्रश्न खरं तर कानाने विचारायचा असतो. किल्ली फिरवल्यावर सेल्फ काय करतो? नुसता 'टक्' आवाज येऊन गप्प बसतो, की जड जड फिरतो, की टवटवीत फिरतो पण इंजिन पकडत नाही? हे तीन वेगवेगळे आजार आहेत. टक् होऊन थांबत असेल तर बॅटरी, तिची टर्मिनलं, सोलनॉइड, सेल्फचे कार्बन ब्रश इथे बघायचं. जड फिरत असेल तर करंट वाटेत कुठे अडतो आहे ते बघायचं. जोरात फिरूनही पकडत नसेल तर सेल्फ आणि बॅटरीला हातही लावायचं कारण नाही. पेट्रोल, ठिणगी आणि दाब, या तिन्हींत शोधायचं. एवढी वाटणी झाली की अर्धं काम तिथेच संपतं. किल्ली एकदा फिरवून ऐकायची, त्याला काहीही खर्च नाही. पण मी गाडी घेऊन गेलो की बहुतेक ठिकाणी माणूस बॉनेट उघडूनच बोलायला लागतो.

दुसरा प्रश्न, कधी? रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी त्रास देते, की तापलेली गाडी बाजारात पंधरा मिनिटं उभी करून परत आल्यावर? ही दोन दुखणी एकमेकांच्या जवळपास उलट आहेत. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. एरवी एका भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण बरोबर. पण थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते आतल्या गार भिंतींना चिकटून राहतं, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि मिश्रण घट्ट करायचं. सकाळीच नडत असेल तर चोकची झडप खरंच पूर्ण बंद होते का, केबल अर्ध्यात अडकते का, हे एअर फिल्टर काढून डोळ्यांनी दिसतं. ८००चा पेट्रोल पंप यांत्रिक, इंजिन फिरलं की चालणारा. त्याच्या आतली झडप गळू लागली की पाइपातलं पेट्रोल रात्रीत मागे टाकीकडे उतरतं, आणि सकाळी ते पुन्हा वर येईपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं. कार्बोरेटरकडचा पाइप सोडवून बाटलीत धरला आणि सेल्फ मारला, की पेट्रोलची उचकी किती वेळाने आणि किती जोरात येते ते लगेच कळतं.

तापल्यावरचं दुखणं निराळं. चालती गाडी बंद केली की पंखा थांबतो, वाऱ्याचा झोत थांबतो, आणि इंजिनाची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून आत झिरपतं आणि मिश्रण नको तितकं घट्ट होतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा, म्हणजे भरपूर हवा जाऊन साचलेलं पेट्रोल निघून जातं. प्रत्यक्षात होतं काय? गॅरेजमधला पोऱ्या आत बसतो आणि पेडल खालीवर, खालीवर मारत सुटतो. पेडलच्या प्रत्येक दाबाला कार्बोरेटरमधला छोटा पंप आणखी कच्चं पेट्रोल आत फवारतो. प्लग ओले होतात. मग ते काढून मला दाखवले जातात, "बघा, प्लग गेलेत." प्लग गेलेले नसतात, त्यांना आत्ताच बुडवलेलं असतं. या पेडल मारण्याची मला मनापासून चीड आहे. ज्याला आपण काय करतो हे माहीत नाही, त्याने निदान काही करू तरी नये.

सकाळचं दुखणं गॅरेजला दाखवणं हा आणखी एक वैताग. गाडी घरी कशीबशी सुरू करून, इंजिन तापवून, अकरा वाजता तिथे न्यायची. तिथे ती पहिल्या सेल्फला सुरू होते. "इथे तर होते की!" असं म्हणताना समोरच्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलच शंका असते. रात्रभर ठेवून घ्या आणि सकाळी आल्या आल्या, कुणी हात लावायच्या आधी, स्वतः सुरू करून बघा, ही माझी विनंती. आजवर ती क्वचितच कुणी मानली आहे. जागा नाही, हे कारण मला समजतं. पण मग दुखणं बघितल्याशिवाय भाग बदलण्याचा अधिकार कुठून येतो?

कारण पुढे भाग बदलायला सुरुवात होते. "एकदा प्लग बदलून बघू." "एकदा कॅप-रोटर टाकून बघू." "कॉइल टाकून बघू." बघू, बघू. यातला प्रत्येक 'बघू' बिलात चढतो आणि ज्यातून फरक पडला नाही तो भागही गाडीतच राहतो. जुना भाग मागितला तर तो भंगारात गेलेला असतो. शिवाय नवा आलेला भाग जुन्याहून चांगला असेलच, याची खात्री नाही. या गाडीचे सुटे भाग अजून सगळीकडे मिळतात, पण डब्यावरच्या नावाला आतला माल जागेल असं नसतं. चांगली मूळची डिस्ट्रिब्युटर कॅप जाऊन तिच्या जागी हलक्या प्लास्टिकची आली, की आधी नसलेलं एक दुखणं पावसाळ्यात सुरू होतं. ते कसं ओळखायचं हेही सांगतो. पावसाळी रात्री दिवे घालवून बॉनेट उघडा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. कॅपला केसासारखी बारीक चीर असेल किंवा प्लगची वायर फुटली असेल, तर निळसर ठिणगी भलत्याच वाटेने सरपटताना स्पष्ट दिसते. डोळे आणि अंधार, एवढ्यावर होणारी ही तपासणी आहे. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात हवा इतकी ओली असते की चीर असेल तर ती लपत नाही.

माझ्या गाडीचं दुखणं मात्र वेगळं होतं, आणि ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण त्यात सगळ्यांची सगळी उत्तरं येऊन गेली. सकाळी सेल्फ जड फिरायचा. हॉर्न खणखणीत, हेडलाइट झगझगीत. कधी उचलायची, कधी नाही. बॅटरी बदलून झाली. नव्या बॅटरीने काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. ठिणगी कमजोर दिसली म्हणून प्लग, वायर, कॉइल. मग सेल्फ खोलून त्याचे ब्रश आणि बुश. दर वेळी थोडासा फरक, आणि थंडी वाढली की पुन्हा मूळपदावर. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर केबल लावली की मात्र झटक्यात सुरू. त्यावरून सगळ्यांचा निष्कर्ष असा की नवी बॅटरीसुद्धा खराबच निघाली.

या साऱ्यात एका गोष्टीकडे कुणी लक्ष दिलं नाही. सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागायची. मी हे दोन गॅरेजमध्ये सांगितलं. दोन्हीकडे ते ऐकून सोडून दिलं गेलं. खरं तर त्या गरम केबलीतच पूर्ण उत्तर होतं.

शेवटी एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी गेली. त्यांनी आधी मला विचारलं, "जंपर लावताना काळा चिमटा कुठं लावता? बॅटरीला की इंजिनला?" इंजिनला, मी म्हटलं, तसंच लावायचं असतं. त्यांनी मान हलवली आणि मीटर काढलं. बॅटरीच्या दोन टोकांना लावलं, १२.६ व्होल्ट. मला सेल्फ मारायला सांगितलं; सेल्फ जड फिरत होता, तरी मीटर ११च्या वरच राहिलं. बॅटरी थकलेली असती तर आकडा ९-१०च्या खाली कोसळला असता. मग त्यांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या टर्मिनलवर आणि दुसरी थेट इंजिनाच्या धातूवर धरली. या दोन जागा एकच असल्यासारख्या असायला हव्यात, फरक अर्ध्या व्होल्टच्या आत. सेल्फ मारला आणि मीटरवर दोनच्या वर आकडा आला.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं, म्हणजे विजेच्या हिशेबात ते गाडीच्या सांगाड्यापासून तुटलेलं. माझ्या गाडीत सांगाडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी आहे, अर्थिंगची. सेल्फचा सगळा करंट परत यायचा तो तिच्यातूनच. काही वर्षांपूर्वी गंज लागू नये म्हणून खालून कोटिंग करून घेतलं होतं, तेव्हा तो बोल्ट काढून, कोटिंग झाल्यावर त्याच काळ्या थरावर पुन्हा आवळला होता. वर्षानुवर्षांच्या ओलीने आतली उरलीसुरली धातूची पकडही गेली. पट्टी तिथेच होती, दिसायला घट्ट होती, ओढून बघितली तर हललीही नसती.

हिशेब सोपा आहे. सेल्फ फिरताना शंभर अँपियरच्या घरात करंट ओढतो. जोडात ०.०२ ओहम इतका नगण्य अडथळा असला तरी १०० अँपियरला २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. तोच अडथळा पाच वॅटच्या टेस्ट लॅम्पला जाणवतही नाही, कारण दिवा अर्धा अँपियरसुद्धा ओढत नाही. म्हणून टेस्ट लॅम्प लावून "अर्थ ओके आहे" म्हणणाऱ्याला सगळं ठीक दिसलं. सेल्फला व्होल्ट कमी, म्हणून तो जड. कॉइललाही कमी, म्हणून ठिणगी फिकी. नवी बॅटरी थोडं जास्त रेटते, म्हणून काही दिवस बरं. जंपरचा काळा चिमटा थेट इंजिनावर लागला की खराब पट्टी वगळूनच करंटला वाट मिळते, म्हणून झटक्यात सुरू. आणि एरवी इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी धातूची दुसरी वाट म्हणजे चोकची बारीक केबल. नको तो करंट तिच्यातून परत यायचा, म्हणून ती तापायची. अशा केबली जळाल्याचीही उदाहरणं आहेत. जी जी लक्षणं मी सांगत होतो, ती सगळी एकाच बोल्टपाशी येऊन मिळत होती.

त्यांनी कोटिंग खरवडून, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करून, नवी पट्टी दातेरी वॉशर घालून आवळली आणि वर व्हॅसलीन लावलं. पट्टी दोनशे रुपयांच्या आतली. याआधी बदललेल्या भागांत हजारो रुपये गेले होते.

त्या इलेक्ट्रिशियनजवळ जे होतं ते कुणालाही मिळवता येण्यासारखं आहे: काही शे रुपयांचं मीटर, आणि प्रश्न विचारायची सवय. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा सेल्फ पहिल्यांदा आला, तेव्हापासून त्याच्या विजेचा नियम बदललेला नाही. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षं हँडल मारून इंजिन फिरवावं लागे. आपल्या अ‍ॅम्बॅसडरलाही पुढून हँडलची सोय होती. हँडल मारणाऱ्या हाताला कॉम्प्रेशन आहे की नाही हे आपोआप कळायचं. आता हाताला कळत नाही, तर मोजलं पाहिजे. नव्या गाड्यांना स्कॅनर लावतात, कोड येतो, त्याप्रमाणे काम होतं. माझ्या गाडीला तो लावायला सॉकेटच नाही, आणि स्कॅनर न लागणाऱ्या गाडीपुढे आजचा तरुण मेकॅनिक गडबडून जातो. त्यात त्याचा दोष मी कमी मानतो. त्याला ज्यांनी शिकवलं त्यांनी यंत्राचा कोड वाचायला शिकवलं, कारण शोधायला नाही. कोडसुद्धा कारण सांगत नाही, फक्त कुठे बघायचं ते सांगतो.

यात आता पेट्रोलाची भर पडली आहे. २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं आणि आता पंपावर दुसरं सहसा मिळत नाही. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा किती तरी जास्त उष्णता लागते आणि त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटमधून मिश्रण थोडं पातळ पडतं. गार इंजिनाला दोन्ही गोष्टी नकोशा. नव्या गाडीचा संगणक हे सांभाळून घेतो. कार्बोरेटरला ते जमत नाही, त्याचं ट्यूनिंग माणसाने करावं लागतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साठू शकतं. जुन्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या, त्या तपासून बदलायला हव्यात; गळणारी नळी हा सुरू न होण्याहून मोठा, आगीचा धोका आहे. हे सगळं खरं आहे. पण म्हणून 'इथेनॉलमुळे होतं' हे नवं 'जुनी आहे' होऊ नये. माझ्या गाडीला अर्थिंगचं दुखणं असतानाच एकाने पेट्रोलाला दोष देऊन कार्बोरेटर खोलायची तयारी केली होती. सेल्फ जड फिरतो याचा पेट्रोलाशी काय संबंध, हे विचारल्यावर तो थांबला.

जुन्या गाडीला पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी, फिटनेस, हरित कर हे सगळं भरून आपण ती कायदेशीर ठेवतो. ते नियम मला मान्य आहेत. गाडी खरोखर संपली असेल, दाब गेला असेल, पत्रा खाल्ला असेल, तर ती भंगारात द्यावी, यालाही माझी हरकत नाही. पण तो निर्णय मोजून झाला पाहिजे. एका बोल्टवरच्या काळ्या थरामुळे चालती गाडी भंगारात जाणं मला पटत नाही, आणि अशा किती गेल्या असतील या विचाराने वाईट वाटतं.

म्हणून गॅरेज चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: पोऱ्याला पाना देण्याआधी मीटर द्या आणि सेल्फ फिरत असताना ते कुठे कुठे धरायचं हे त्याला शिकवा. आणि ज्यांच्याकडे अजून अशी गाडी आहे त्यांनी गॅरेजला जाण्याआधी एका कागदावर लिहून न्यावं: गार असताना की तापल्यावर, सेल्फ टक् करतो की जड फिरतो की जोरात, पेट्रोलचा वास येतो का, चोकने फरक पडतो का, आणि कुठली वस्तू गरम लागते का. भाग बदलायचाच म्हटलं तर कुठल्या तपासणीवरून, हे विचारा. आणि काढलेला भाग मागून घ्या. तो तुमचाच आहे.